मदत हवी आहे: आयटीआय झालेल्या मुलाला परदेशात सरळ मार्गाने नोकरीला जाता येतं का?

नमस्कार मंडळी,

मावसभावासाठी विचारतेय. वय २६, दहावीनंतर आयटीआय फिटर, सध्या कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे. ओव्हरटाइम धरून हातात अठरा हजार पडतात. घरी तासगावकडे थोडी द्राक्षबाग आहे, आणि त्या बागेवर सोसायटीचं कर्ज. बाहेर जायचं त्याच्या डोक्यात बसलंय आणि आता ते निघत नाही.

परवा तो एका एजंटचं पत्र घेऊन आला. पोलंडमध्ये नोकरी, बाराशे युरो पगार, राहणं-खाणं फुकट. खर्च साडेसहा लाख, त्यातले दीड लाख आत्ताच टोकन म्हणून. मी पत्र नीट बघितलं. कामाचं नाव 'हेल्पर', कंपनीचा ईमेल जीमेलचा, आणि सही चिकटवल्यासारखी, कडेला पांढरा चौकोन दिसतोय. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मुलालाही असंच पत्र आलंय. दोन्ही शेजारी ठेवली तर रेफरन्स नंबर एकच! भाऊ म्हणतो, "ताई, ती कंपनीची फाइल असेल." मावशी सोनं मोडायला तयार आहे.

नको म्हणणं सोपं आहे, पण नको म्हटल्यावर तो विचारतो, "मग दुसरा मार्ग सांग." तिथं मी गप्प बसते. आमच्या साहेबांचा मुलगा एमएस करून अमेरिकेत राहिला, गल्लीतली एक मुलगी नर्सिंग करून आयर्लंडला गेली. त्या वाटा दिसतात. डिग्री नाही, बँकेत शिल्लक नाही, इंग्रजी कामापुरतं, अशा पोराला कुठला देश कायदेशीरपणे आत घेतो? की आपल्यासारख्या देशातल्या साध्या घरच्या माणसाला ही दारं बंदच आहेत? डंकी (चोरवाटेनं सीमा ओलांडणं) वगैरेचे सल्ले देऊ नका. आणि त्याचे एक मामा न्यूजर्सीत आहेत, त्यांचा काही उपयोग होतो का तेही सांगा.

निवृत्त हेडक्लार्क

ताई, टोकन देऊ नका. आधी एक साधं काम करा. परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल आहे, त्यावर एजंटचा परवाना नंबर तपासा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर परवाना लागतो, मग देश पोलंड असो नाहीतर कतार. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते. म्हणजे साडेसहा लाखांचा आकडा ऐकला की पुढचं ऐकायची गरजच नाही. पावती मागून बघा, गडी दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणार नाही.

दहावी पास असल्यामुळे त्याचा पासपोर्ट ईसीआर (कामाला जाताना सरकारी मंजुरी लागणारा) नसणार, तरी बघून घ्या. दहावी न झालेल्यांना आखात, मलेशिया वगैरे १८ देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळ पोरं टुरिस्ट व्हिसावर दुबईला जाऊन ही मंजुरी चुकवतात, आणि मग पगार थकला की त्यांच्याकडे दाखवायला करारच नसतो. रीतसर गेलं तर अडीच-तीनशे रुपयांत दोन वर्षांचा दहा लाखांचा विमाही मिळतो. आखात वाईट नाही, मात्र तिथं कायमचं राहता येत नाही हे गृहीत धरून जायचं.

वाळव्याचा पाव्हणा

मी जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ. मूळचा वाळवा तालुक्यातला, कामही मशीनवरचंच, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या भावाकडे एक गोष्ट आहे जिची किंमत त्याला माहीत नाही: दोन वर्षांचा सरकारमान्य ट्रेड. एनसीव्हीटीचं (केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं) सर्टिफिकेट असेल तर जपून ठेवायला सांगा. जर्मनीने २०२३-२४ मध्ये कायदा बदलला. स्वतःच्या देशात सरकारमान्य असलेला किमान दोन वर्षांचा कोर्स आणि गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव असेल, तर तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाच्या बरोबरीचं आहे हे सिद्ध न करताही कामाचा व्हिसा मिळू शकतो. कोर्स आपल्या सरकारला मान्य आहे याचा दाखला बॉनच्या एका सरकारी कार्यालयाकडून ऑनलाइन मागवायचा. मेख पगारात आहे: २०२५ साली वर्षाला किमान ४३,४७० युरोंची ऑफर हवी होती. कामगार संघटनेच्या वेतनकराराने चालणाऱ्या कंपनीत ही अट सैल होते. या व्हिसाला कायद्याने भाषेची अट नाही, पण जर्मन न येणाऱ्या फिटरला शॉप फ्लोअरवर कोण उभं करेल?

दुसरा रस्ता चान्सनकार्ट. जून २०२४ पासून सुरू आहे. नोकरी हातात नसताना इथं येऊन वर्षभर शोधायची मुभा, तोवर आठवड्याला २० तास काम. सहा गुण लागतात. भावाचे मोजू: वय ३५ च्या आत म्हणून दोन, दोन वर्षांच्या अनुभवाचे दोन, जर्मन भाषेची बी-वन (मधली पातळी) झाली की दोन. झाले सहा! मात्र स्वतःचा खर्च भागेल हे आधीच दाखवावं लागतं, २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो. वर्षाचे तेरा लाखांच्या पुढे जातात, आणि ते बंद खात्यात (जिथून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) आधी भरायचे. अठरा हजार पगारवाल्याची ती सहा वर्षांची अख्खी कमाई. तुम्ही विचारलंत ना, दारं बंद आहेत का? कायद्यात गरिबाला मज्जाव कुठंच लिहिलेला नाही. फक्त शिल्लक युरोत मागतात आणि पगार कुपवाडच्या रेटने मिळतो.

म्हणून माझं मत तिसऱ्या रस्त्याला, आउसबिल्डुंगला. आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, मेकॅनिकच्या ट्रेडला साडेतीन वर्षं. पुन्हा शिकाऊ व्हायचं म्हणून पोरं नाक मुरडतात. पण पहिल्या महिन्यापासून पैसे मिळतात, इंजिनीअरिंग कंपन्यांत हजार युरोंच्या आसपास, आणि खर्च त्यातच भागत असेल तर तेरा लाख अडकवावे लागत नाहीत. घरी पाठवायला काही उरत नाही, हे मावशींना आधी सांगा. शेवटी जर्मन सर्टिफिकेट हातात येतं, मग नोकरी आणि पुढं कायम वास्तव्य, दोन्ही सुटसुटीत. बी-वन मात्र हवंच. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला शून्यापासून तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष जातं. परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते.

विटेकर

पाव्हणं, सगळं बरोबर आहे, पण हे ऐकायलाच भारी वाटतं. आमच्या विटा-आटपाडीची माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी काश्मीरपासून केरळपर्यंत गेली. दुष्काळ पडला, पेटी उचलली, सराफ कट्ट्यावर भट्टी लावली. कुणी गुण मोजले नाहीत की बंद खातं मागितलं नाही. निम्मी तर शाळेतनंच उठलेली, आणि आज त्यांनी गावाकडं बंगले बांधलेत. कष्टाळू माणसाला देशाच्या हद्दीपलीकडं हेच करता येत नाही, हा अन्याय नाही तर काय? गोरा पोरगा पाठीला सॅक लावून गोव्यात महिनोन्‌महिने फिरतो, आपल्या पोराकडं मात्र सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात.

वाळव्याचा पाव्हणा

विटेकर, अन्याय आहेच, मी कुठं नाही म्हणतो. तो गोरा पोरगाही गोव्यात नोकरी करू शकत नाही, हे जाता जाता सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने बेकायदेशीर ठरवून १०४ भारतीय लष्करी विमानातून अमृतसरला आणून सोडले, बेड्या घालून. त्यात महाराष्ट्रातलेही होते. अन्याय आहे म्हणून पोराला त्या रस्त्याला लावायचं का? विषय ताईंच्या भावाचा आहे.

कृष्णाकाठची

मामांचं मी सांगते, आमच्या घरात हे झालंय. अमेरिकेत मामा भाच्याला स्पॉन्सर करू शकत नाही. मामा नागरिक असतील तर बहिणीसाठी, म्हणजे तुमच्या मावशीसाठी, अर्ज करता येतो. भावंडांच्या या गटात जगभर मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग वीस वर्षांच्या घरात आहे. आईबरोबर २१ च्या आतली मुलं जातात, तुमचा भाऊ आत्ताच २६ चा. तो विषय संपला.

लॉटरीच्या नादीही लागू नका. डायव्हर्सिटी व्हिसा ज्या देशांतून कमी लोक जातात त्यांच्यासाठी, आणि भारतातून फार जातात म्हणून आपण त्यात बसतच नाही. नेपाळ बसतं! "लॉटरीत नाव लावतो" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. कॅनडाचं वर्क परमिट विकणाराही तसलाच. तिथं परदेशी माणूस घेण्याच्या मंजुरीची १,००० डॉलर फी मालकानेच भरायची असते, कामगाराकडून ती वसूल करायला बंदी आहे.

जपानचाही विचार करा. २०१९ पासून त्यांचा स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा व्हिसा आहे, डिग्री लागत नाही. जपानी भाषेची एन-फोर (प्राथमिक पातळीची) आणि कामाची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं, बायकामुलं नेता येत नाहीत. भाऊ अविवाहित असेल तर चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. एजंटला परवाना नंबर विचारला, तर म्हणाला "युरोपला लागत नाही". हेडक्लार्क काकांचं वाक्य तसंच्या तसं ऐकवलं, त्यावर त्याने मावशीला परस्पर फोन करून "तुमची भाची पोराच्या वाटेत येतेय" म्हणून सांगितलं. मावशी माझ्यावर फुगलीये, पण पैसे दिलेले नाहीत. भावाने पाव्हण्यांचा गुणांचा हिशोब स्वतः वहीत मांडला आणि आउसबिल्डुंगवर येऊन थांबला. साडेतीन वर्षं शिकाऊ हे अजून त्याच्या पचनी पडत नाहीये. अविवाहित आहे, पण जपानला नको म्हणतो, कारण विचारलं तर सांगत नाही.

आता अडचण क्लासची. त्याची एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. सांगली-मिरजेत जर्मनच्या बॅचेस संध्याकाळच्याच सापडल्या. सकाळी किंवा रविवारी शिकवणारं कुणी माहीत आहे का? ऑनलाइन असेल तरी चालेल, पण बोलायचा सराव करून घेणारं हवं. आणि पाव्हणे, त्याचं आयटीआयचं मार्कलिस्ट आहे, सर्टिफिकेट मात्र कॉलेजातून आणलेलंच नाही. ते इतक्या वर्षांनी मिळतं ना?