रक्तदाब ठीक असताना डॉक्टरांना पुन्हा फोन करावा का?

प्रश्न (परिचारिका, सांगली):
पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री माझ्या रुग्णाची नाडी ९२ वरून ११८ वर गेली आणि श्वसन मिनिटाला २६ झाले. रक्तदाब मात्र ११८/७६ होता. डॉक्टरांनी सकाळी पाहू असे सांगितले, तरी मन स्वस्थ बसेना, म्हणून अर्ध्या तासाने मी पुन्हा फोन केला. हे मर्यादेबाहेर झाले का?

प्रतिसाद १ (सातारा):
मुळीच नाही, ताई. शस्त्रक्रियेनंतर आत रक्तस्राव होत असेल, तर शरीर नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब बराच वेळ सांभाळून धरते, त्यामुळे तो उतरेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. श्वसन पूर्ण मिनिटभर मोजलेत ना? अनेक तक्त्यांवर श्वसन न मोजताच दर वेळी २० लिहिलेले दिसते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद २:
लघवीही पाहावी, शरीराच्या वजनाच्या किलोमागे तासाला ०.५ मिलिलिटरहून कमी असल्यास ती धोक्याची खूण समजावी. फोनवर नुसती काळजी न सांगता आकडे, त्यांतील बदल आणि आत्ता येऊन पाहण्याची विनंती स्पष्ट मांडावी आणि मिळालेली तोंडी सूचना परत वाचून दाखवून वेळेसह नोंदवावी.

प्रश्नकर्ती:
श्वसन मिनिटभर मोजले होते, लघवी मात्र मोजली नाही, ही माझी चूक. दुसऱ्या फोननंतर डॉक्टर आले आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले.