मदत हवी आहे: मशीनने ताम्हणाची फुलं भरतेय, कापड गोळा होतंय

नमस्कार मंडळी,

भिंतीवर लावायला साधारण ९० बाय ६० सेंमीची गोधडी करते आहे. विषय ताम्हणाचा तुरा. तुकडे जोडून फूल करायचं नाही; कापड फक्त मागे, फूल सगळं मशीनच्या दाट टाक्यांनी भरायचं. ताम्हण जवळून पाहिलेल्यांना याचं कारण लगेच कळेल. सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या बुडाशी बारीकसा देठ आणि कडा क्रेप कागदासारख्या चुणलेल्या. त्या चुण्या कापडाच्या तुकड्यात येत नाहीत, दोऱ्याची दिशा वळवत नेली की येतात. शिवाय खालची फुलं उमललेली, वर कळ्या, जुनी फुलं फिकट होत गेलेली, मध्ये पिवळे पुंकेसर. एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या इतक्या छटा मिळतात!

मशीनचे (कापड पुढे सरकवणारे) दाते खाली केलेत. रफूचा पाय, ९०/१४ ची टॉपस्टिच सुई, वर ४० नंबरचा चमकदार पॉलिस्टर दोरा, बॉबीनला ६० नंबरचा पांढरा. वरचं कापड, पातळ सुती वॅडिंग (मधला मऊ भरावाचा थर) आणि अस्तर हे तिन्ही थर टाचून त्यावरच भरते.

अडचण अशी की भरलेलं फूल घट्ट, चपटं होतं आणि भोवतीचं रिकामं कापड लाटांसारखं वर येतं. इस्त्रीने तेवढ्यापुरतं बसतं, पुन्हा उठतं. दुसरं, गडद जांभळ्यावर बॉबीनच्या दोऱ्याचे पांढरे ठिपके दिसतात, विशेषतः वळणांवर. तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त छळते: चार-पाच जांभळे वापरूनही लांबून फूल एकरंगी दिसतं.

टाके विरळ करा, असं कृपया सुचवू नका. ही दाटी मला हवीच आहे. ती ठेवून कापड सपाट कसं ठेवायचं, एवढंच शिकायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, काम सुंदर घेतलंय. दाटी मुळीच कमी करू नका, भरायचा क्रम बदला.

प्रत्येक टाका कापड थोडं आत ओढतो. फुलात हजारो टाके आणि शेजारी एकही नाही, तर लाट येणारच. हाताने शिवलेली गोधडी सपाट राहते, कारण धावदोरा सगळीकडे सारख्या अंतराने असतो.

त्यामुळे फुलं आधी वॅडिंगशिवाय भरा. वरच्या कापडाखाली एम्ब्रॉयडरीचा फाडून काढायचा कागद लावा, दोन थर लागले तरी चालेल, आणि भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून धरा. पार्श्वभूमीचं कापड चारी बाजूंनी पाच-सात सेंमी जास्त ठेवा, ते आक्रसणारच. मापाला शेवटी कापायचं. फूल भरून झालं की सुट्टा कागद काढा, उलट्या बाजूने वाफेची इस्त्री करा, आणि मगच वॅडिंग व अस्तर लावा. आता तिन्ही थरांतून पाकळ्यांच्या कडा आणि मोजक्या शिरा एवढंच शिवायचं. मधून सुरुवात करून बाहेर जा. पार्श्वभूमीलाही टाके हवेत: फुलाजवळ दाट, कडेकडे हळूहळू मोकळे.

तिन्ही थरांवर आधीच भरलेला भाग असेल, तर तोही वाचेल. भोवतीची पार्श्वभूमी बारीक वळणांनी भरून टाका. मग सगळं नीट ओलं करा, सपाट फळीवर काटकोनात ताणून टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. गडद दोऱ्यांचा रंग जातो का, ते आधी चिंधीवर ओलं करून बघा.

ठिपक्यांसाठी वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) एकेक आकडा कमी करत जा. वळणावर ठिपके येतात ते हात मशीनपेक्षा पुढे धावतो म्हणून. तिथे हात सावकाश, मशीनचा वेग तोच. आणि बॉबीनला पांढऱ्याऐवजी मधला जांभळा घ्या.

प्रतिसाद २

रंगाचं मी सांगते. जांभळे चार असले तरी गडद-फिकटपणा सारखाच असेल, तर लांबून एकच दिसणार. सगळी रिळं शेजारी मांडा, मोबाईलवर काळापांढरा फोटो काढा. जी दोन सारखी करडी दिसतील, त्यांतलं एक बाजूला ठेवा. त्याऐवजी जवळजवळ काळा वाटणारा वांगी रंग आणि अगदी फिकट गुलाबी आणा.

रिळावर दोरा गडद दिसतो, कापडावर एकेरी टाकल्यावर फिकट. म्हणून प्रत्येक रंगाचा छोटा चौकोन त्याच कापडावर भरून पाहा.

बुडाशी वांगी, मग मधला, शेवटी कडेला फिकट. रंग जिथे भेटतात तिथे सरळ रेघ नको. टाके लांब-आखूड ठेवून एकमेकांत घुसवा. चमकदार दोऱ्यावर उजेड टाक्याच्या दिशेनुसार खेळतो, तेव्हा शेजारच्या दोन पाकळ्या एकाच रंगाने भरूनही वेगळ्या दिसतात. टाके नेहमी बुडाकडून कडेकडे, पाकळीच्या शिरेबरोबर. पुंकेसर सगळ्यात शेवटी, पिवळ्याखाली थोडा तपकिरी घालून.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

दोघींचेही मनापासून आभार. काळ्यापांढऱ्या फोटोत माझे तीन जांभळे हुबेहूब सारखे आले! राहिलेल्या कळ्या आता कागदावर, रिंगमध्येच भरेन. एक शंका उरली: पाकळ्यांच्या बारीक देठांजवळ कागद फाडताना टाके ओढले जातात. तिथे पाण्यात विरघळणारा कागद चालेल का, की दाट टाक्यांत त्याचा चिकटपणा अडकून राहतो? कोणी वापरला असेल तर सांगा.