चिंच रात्रभर नको

कार्बुरेटरचे (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारा भाग) पितळी भाग साफ कसे करायचे, या चर्चेत ‘चिंच-मीठ लावून पितळ रात्रभर ठेवा’ असं कुणीतरी वर सुचवलंय. समईला एकवेळ खपेल, गाडीच्या भागांना दहा मिनिटं पुष्कळ झाली. आंबटात जास्त राहिलं की पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि वर नुसतं तांबं उरतं. माझ्या जुन्या जावा मोटरसायकलचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) असेच वाटीत विसरलो होतो, सकाळी पिवळे नाही, गुलाबी निघाले! आणि जेटच्या भोकात तार घालू नका. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते.

फ्लोटबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. पितळी फ्लोट म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ डबी, सांध्याला डाक (कथिलाचं झाळण) दिलेला. कार्बुरेटरमधल्या पेट्रोलवर तो तरंगतो आणि पातळी भरली की पेट्रोलची आवक बंद करतो. चकाकी आणायच्या नादात मी पॉलिश पेपरने डाकच घासून काढला. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं, तो बुडाला, आणि भर मे महिन्यात अमळनेर-धरणगाव रस्त्यावर गाडी पेट्रोल गाळत उभी. आता बसवण्याआधी फ्लोट कढत पाण्यात दाबून धरतो. भोक असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. डाक द्यायच्या आधी आतलं पेट्रोल पूर्ण उडू द्या भाऊ, नाहीतर भडका उडेल.