मदत हवी आहे : अपक्ष अर्ज, दहा सूचक आणि छाननी

आमच्या गावाकडच्या मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूक लागेल असं दिसतंय. थोरली बहीण अपक्ष उभी राहणार आहे, कागदपत्रं माझ्या गळ्यात. वय 38, नाव पुण्याच्या मतदार यादीत. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाची मतदार असली की चालतं, फक्त यादीचा प्रमाणित उतारा जोडायचा, एवढं कळलं आहे. ती अनुसूचित जाती-जमातीतली नाही, म्हणून अनामत 10,000 रोख भरणार. नमुना 26 चं शपथपत्र वकिलाकडून तयार करून घेतोय, त्यातला एकही रकाना कोरा ठेवणार नाही. खर्चासाठी वेगळं बँक खातंही उघडलं.

घोडं अडलंय सूचकांवर, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांवर. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. आमचे दहा जमलेत, पण दोघींची नावं यादीत माहेरच्या आडनावाने आहेत आणि एक आजोबा अंगठा लावतात. तलाठ्यापासून ओळखीच्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आत्मविश्वास मात्र सारखाच!

चार अर्ज भरता येतात, तेव्हा दुसऱ्या संचात वेगळे दहा सूचक घ्यायचा विचार आहे. पण गावात तेवढी माणसं उघडपणे सही द्यायला तयार होत नाहीत. ‘पक्षाकडून तिकीट घ्या’ हा सल्ला कृपया नको.

ज्यांनी स्वतः अपक्ष अर्ज भरलाय त्यांनी सांगा : त्या दोघींनी सही यादीतल्या नावाने करायची की आत्ताच्या? आजोबांचा अंगठा नेमका कोणासमोर घ्यायचा? आणि छाननीत एक सूचक बाद झाला तर त्या संचाचा अख्खा अर्जच जातो का?