सल्ला हवा: कॅमेरा आणि पार्श्वसंगीत प्रेक्षकाचं काय करतात, हे गटाला करून कसं दाखवावं?

पडदानशीन:
बारा जणांचा सिनेमा बघणारा गट आहे. चार बैठका, प्रत्येकी दोन तासांची. प्रोजेक्टर, दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि सगळ्यांचे फोन एवढी सामग्री. तांत्रिक पार्श्वभूमी कुणालाच नाही. कथा आणि अभिनयावर तासभर वाद रंगतो, पण कॅमेरा-संगीताचा विषय निघाला की "छायाचित्रण सुरेख, संगीत प्रभावी" एवढं म्हणून पुढचा मुद्दा. व्याख्यान नको, हाताने करून बघता येईल असं सुचवा. अख्खा चित्रपट दाखवावा की तुकडे? आधी कॅमेरा घ्यावा की आधी आवाज?

कात्रीवाला:
तुकडेच घ्या. तीन मिनिटांचा एकच प्रसंग, पाच वेळा. अख्खा चित्रपट लावला की माणसं कथेत शिरणार, आणि शिरायलाच हवं, पण मग कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो त्या जागा, कुणाला दिसत नाहीत.

क्रम: एकदा जसाच्या तसा, एकदा आवाज पूर्ण बंद, एकदा फक्त आवाज, एकदा थांबत थांबत नोंदी घेत, शेवटी पुन्हा जसाच्या तसा. फक्त आवाज ऐकवताना रिमोटवरचं 'ए/व्ही म्यूट' वापरलंत आणि आवाज प्रोजेक्टरमधून जात असेल, तर तोही जाईल. सरळ पुठ्ठा धरा, पण भिंगाला टेकवू नका, तापतो. हातभर लांब.

यात एक खाच आहे. आधी आवाजासह बघितलेला प्रसंग नंतर मूक बघताना डोक्यात संगीत वाजतच राहतं. म्हणून सहा-सहा जणांचे दोन गट करा. एका गटाला पहिल्यांदाच मूक दाखवा, तोवर दुसरा गट बाहेर. दुसऱ्याला आवाजासह. दोघांनी तीन ओळी लिहायच्या: या पात्राला काय हवंय, पुढे काय होईल, आपण कुणाच्या बाजूने आहोत. मग कागद शेजारी ठेवा. तिथून जी चर्चा सुरू होईल तिला वेगळं इंधन लागणार नाही.

नोंदीच्या कागदावर चारच रकाने: वेळ, चौकट (लांबची, मधली, जवळची), कॅमेरा हलला असेल तर कुणामुळे, आणि आवाजात काय सुरू झालं किंवा थांबलं. "कुणामुळे" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पात्र चाललं म्हणून कॅमेरा चालला, तर प्रेक्षकाला हालचाल जाणवतसुद्धा नाही. सगळे स्थिर बसलेत आणि कॅमेराच हळूच पुढे सरकतोय, तर कुणीतरी बघतंय, काहीतरी येऊ घातलंय असं वाटायला लागतं. संथ पुढे सरकणं म्हणजे तणाव, असा नियम कुणी सांगितला तर ऐकू नका. फरक निमित्ताचा असतो.

कट मोजायला दर कटला टाळी. 180 सेकंदांत 44 टाळ्या म्हणजे 45 शॉट, सरासरी 4 सेकंद. पण सरासरीवर थांबू नका, त्यात एखादा 40 सेकंदांचा शॉट लपलेला असतो. तो कुठे आहे ते शोधा. दिग्दर्शकाने जिथे कात्री आवरली, तिथे त्याला आपल्याला काहीतरी सोसायला लावायचं असतं.

मंद्रसप्तक:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण त्याआधी यंत्रं तपासा, नाहीतर भलत्याच गोष्टीवर चर्चा होईल.

1. टीव्ही किंवा प्रोजेक्टरवरचं 'मोशन स्मूदिंग' बंद. कंपनीगणिक नाव वेगळं, काम एकच: चित्रपटाच्या सेकंदाला 24 फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) मधे स्वतःच्या बनावट फ्रेम घुसडणं. मग कॅमेऱ्याची प्रत्येक चाल गुळगुळीत मालिकेसारखी दिसते.
2. आवाजाचा 'नाइट मोड' बंद. तो कुजबुज मोठी आणि स्फोट लहान करतो. संगीतकाराने आणि ध्वनिमिश्रकाने राखलेला चढउतार तिथेच संपतो.
3. ब्लूटूथ नको, वायर वापरा. एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची असते. ब्लूटूथवर आवाज 150 मिलिसेकंद मागे पडला की साडेतीन फ्रेम गेल्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारण-शिफारशीत ही चूक जाणवण्याची सीमा दिली आहे: आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर, किंवा 125 उशिरा आला तर. आधी आलेला आवाज जास्त खुपतो, कारण निसर्गात असं कधी होत नाही. विजेमागून गडगडाट येतो, उलटं नाही. तपासायला फोनवर एक टाळी चित्रित करून लावून बघा.
4. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकवू नका. भयपटातली खालची घरघर 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास असते, लॅपटॉपमधून ती निघतच नाही. मग लोक म्हणणार, "इथे संगीत नव्हतंच."

तिपाई:
कॅमेऱ्याचे प्रयोग फोनवर आरामात होतात. तीन सांगतो.

पहिला: अंतर. एकाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे बसवा. फोनच्या मुख्य भिंगाने 60 सेंटिमीटरवरून चेहरा भरून घ्या. मग साधारण 2 मीटर मागे जा आणि 3 पटीच्या भिंगाने तेवढाच चेहरा घ्या. पहिल्यात नाक पुढे येतं, कान मागे जातात, मागची भिंत लांब वाटते. दुसऱ्यात चेहरा सपाट आणि भिंत पाठीला चिकटलेली. लोक म्हणतात "भिंगाचा परिणाम", पण यथादर्शन (जवळचं-लांबचं एकमेकांच्या मानाने केवढं दिसतं ते) ठरतं ते अंतरावर. भिंग फक्त चौकट कापतं. पटवायचं असेल तर 2 मीटरवरूनच मुख्य भिंगाने घेऊन नंतर कापा: नाक तसंच सपाट राहील. 60 सेंटिमीटरवरून बघताना प्रेक्षक त्या माणसाच्या अंगाशी असतो, 2 मीटरवरून तो चोरून बघत असतो. काय गडबड होते: जवळ गेलं की काही फोन आपोआप अतिरुंद भिंगावर उडी मारतात. सेटिंगमध्ये मॅक्रो (अगदी जवळून टिपण्याची सोय) बंद करा, फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा.

दुसरा: मागे जात झूम, म्हणजे 'व्हर्टिगो'मध्ये (1958) गाजलेली युक्ती. फोनवर थेट झूम करू नका, भिंग बदलताना चित्र टुणकन उडतं. त्याऐवजी 4के मध्ये चित्रित करा, 1 मीटरपासून 2 मीटरपर्यंत एकसारख्या वेगाने मागे जा. संकलनात 1080 च्या टाइमलाइनवर चित्र चौकटीत बसवा, तिथून दुप्पट आकारापर्यंत वाढवा. माणूस तेवढाच राहतो, पार्श्वभूमी अंगावर येते. वाढ सरळ रेषेत ठेवा. कित्येक ॲप सुरुवात-शेवट आपोआप मऊ करतात, मग माणूस मधेच फुगतो.

तिसरा: उंची आणि कल यांची फारकत. "खालून घेतलं की पात्र ताकदवान" हे घोकलेलं वाक्य आहे. फोन 60 सेंटिमीटर उंचीवर सरळ समोर बघणारा ठेवा, मग तिथूनच वर कलता ठेवा. दोन अगदी वेगळी चित्रं येतात. सरळ ठेवलेल्यात दबदबा वगैरे नाही, फक्त जमिनीवर बसल्यासारखं वाटतं.

एक इशारा. उन्हात फोन शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ) 1/1000 सेकंदापर्यंत नेतो, त्यामुळे हालचाल तुटक दिसते. 24 फ्रेमला 1/48 किंवा 1/50 हवं. हाताने शटर ठरवता येणारं ॲप घ्या आणि सावलीत चित्रित करा. कॅमेरा आडवा फिरवताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद द्या, नाहीतर सगळं थरथरतं.

पडदानशीन:
हे फार कामाचं आहे, आभार. संगीताचा प्रयोग कसा करावा? एकाच चित्रावर वेगवेगळी गाणी लावायची का?

मूकपट:
गाणी नकोत. शब्द आले की लोक शब्दांवर बोलतात. ओळखीची धून असेल तर तिच्या आठवणींवर.

आणि हा 'तीन संगीतं लावून बघा' प्रयोग बहुतेक वेळा वाया जातो, कारण जे मोठ्याने वाजतं तेच प्रभावी ठरतं. पातळी सारखी करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या ॲपमध्ये 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' आहे, सगळे तुकडे उणे 23 एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणा. चौथी आवृत्ती बिनसंगीताची ठेवा, पण पार मुकी नाही: खोलीचा आवाज, पावलं, कापडाची सळसळ हवी. पूर्ण शांतता लावली तर स्पीकर बिघडला असं वाटतं.

सुरुवातीला चित्रपटच नको. हायडर आणि झिमेल यांचं 1944 चं छोटं ॲनिमेशन घ्या: मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण, एक वर्तुळ, दीडेक मिनिट. मार्शल आणि कोहेन यांनी 1988 मध्ये त्यावर दोन वेगळी संगीतं लावली, तर बघणाऱ्यांची त्या आकृत्यांबद्दलची मतं बदलली. अभिनय नाही, प्रकाशयोजना नाही. त्यामुळे श्रेय दुसरीकडे ढकलता येत नाही.

मंद्रसप्तक:
संगीत कोणतं, यापेक्षा ते कुठे सुरू होतं हे आधी बघा. मी तर म्हणेन एक अख्खी बैठक यावरच.

तीन शॉट फोनवर घ्या. अ: हात पाकीट फाडतात. आ: डोळे वाचतात. इ: कागदाची घडी घातली जाते. कुठल्याही कीबोर्ड ॲपवर मंद्र षड्ज (खालचा 'सा') धरून 20 सेकंद ध्वनिमुद्रित करा, एवढंच संगीत. तो स्वर 'अ'वर सुरू केला तर वाचणाऱ्याच्या आधी प्रेक्षक घाबरतो. 'आ'वर केला तर दोघं बरोबर. 'इ'वर केला तर तोवर प्रेक्षकाने स्वतःचा अर्थ लावलेला असतो आणि संगीत त्याला होकार किंवा नकार देतं. एकच स्वर, तीन वेगळ्या गोष्टी. आता 'आ'च्या मधोमध वर कोमल ऋषभ ('सा'च्या लगतचा वरचा सूर) चढवा. चेहरा तोच, बातमी वाईट झाली.

'जॉज'मध्ये (1975) ही शिस्त ऐकायला मिळते. शार्क खरंच असतो तेव्हा ती दोन सुरांची धून येते. मुलं शार्कच्या पाठीवरचा खोटा पर लावून पोहतात तेव्हा संगीत नसतं. प्रेक्षकाच्या कानाला हे कळतं, डोक्याला उशिरा. मग पुढे शार्क धून न वाजता येतो आणि दचका बसतो.

संगीत जिथे बंद होतं त्या जागाही टिपा. हळूहळू विरलं तर लक्षात येत नाही, वाक्याच्या मधे तुटलं तर त्या वाक्यावर बोट ठेवल्यासारखं होतं.

कात्रीवाला:
तालाबद्दल. 24 फ्रेमला मिनिटाला 120 ठोक्यांची लय म्हणजे दर 12 फ्रेमला ठोका, 90 ची म्हणजे 16, 60 ची म्हणजे 24. प्रत्येक कट ठोक्यावर बसवून बघा: तिसऱ्या-चौथ्या कटनंतर जाहिरात होते. मग पहिला आणि शेवटचा कट ठोक्यावर, मधले बोलण्यावर किंवा नजरेवर ठेवा. ठोक्यावरचा कट एखाद-दोन फ्रेम आधी सरकवला तर जास्त घट्ट बसतो. उशिरा गेला की लगेच ढिला वाटतो.

मूकपट:
'पथेर पांचाली'तली (1955) आईच्या आक्रोशाची जागा ऐकवाच. तोंड उघडतं, पण रडण्याऐवजी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) ऐकू येते. दाखवण्याआधी काहीही सांगू नका. नंतर विचारा, "आवाज कुणाचा होता?" बरेच जण ठामपणे बाईचा म्हणतील.

पडदानशीन:
मग असं ठरवतोय: पहिली बैठक त्रिकोण-वर्तुळ आणि सहा-सहांचे गट, दुसरी तिपाईंचे पहिला आणि तिसरा प्रयोग, तिसरी पाकीट, चौथी पाच वेळा एक प्रसंग. मागे जात झूम वेळ उरला तर.

तिपाई:
पाकिटाचे शॉट दुसऱ्या बैठकीतच घेऊन ठेवा, तिसरीत वेळ पुरणार नाही. आणि प्रत्येक शॉट आगेमागे पाच सेकंद जास्त चालू ठेवा. षड्ज सरकवायला जागा लागते.