मदत हवी आहे: लेजितिमाचं (वारसांच्या राखीव वाट्याचं) समर्थन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सकडून की अमर्त्य सेनकडून?
फोंड्यातल्या वाचनमंडळासाठी टिपण करतोय, एका मुद्द्यावर अडलंय. गोव्याच्या वारसा कायद्यात सक्तीचे वारस (ज्यांचा वाटा कायद्यानेच राखीव असतो, जसं मुलं) असतील तर मृत्युपत्राने आपल्या वाट्यातली निम्मीच मालमत्ता देता येते. उरलेली निम्मी, म्हणजे लेजितिमा, मुलामुलींना सारखी. तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकच्या 1974च्या मांडणीनुसार हा स्वातंत्र्यावर घालाच: रीतसर मिळवलेलं कुणालाही द्यावं. उत्तरादाखल रॉल्सचं भेदतत्त्व (विषमता सर्वात वंचितांच्या हिताची असेल तरच न्याय्य) पुढे केलं की घोटाळा होतो. ते समाजाच्या मूलभूत रचनेला, म्हणजे त्याच्या प्रमुख संस्थांना लागतं, घरातल्या एकेका वाटणीला नाही. शिवाय लेजितिमा संपत्ती घराण्यातच ठेवते, भूमिहीनाच्या हाती काहीच येत नाही. मग मुलींच्या वाट्याचं समर्थन सेनच्या क्षमतादृष्टीतून (माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, कसं जगता येतं, हे पाहणारी दृष्टी) जास्त भक्कम होईल का? कुटुंबही मूलभूत रचनेत येतं, हे रॉल्सचं म्हणणं इथे कितपत ताणता येईल? जाणकारांनी कृपया नेमका युक्तिवाद सांगावा.