निषेध म्हणून नळ वाहता ठेवणं तुम्हाला पटतं का?

रंकाळा_कट्टा:
परवा मित्रांच्यात यावरून जाम वाद झाला. २००५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या कॅम्बरवेल भागात मार्क मॅकगोवन नावाच्या कलाकारानं एका छोट्या गॅलरीतला नळ सोडला आणि जाहीर केलं की आता हा वर्षभर बंद करणार नाही, पाण्याची नासाडी लोकांच्या डोळ्यासमोर आणायचीय. वर्षात दीड कोटी लिटर जाईल असा अंदाज होता. लोक भडकले, तिथल्या थेम्स वॉटर कंपनीनं कारवाईचा इशारा दिला आणि काही आठवड्यांतच नळ बंद करावा लागला. आता गंमत नाही, खरं सांगतो, त्याच काळात त्या कंपनीच्या स्वतःच्या जुन्या पाइपांतनं रोज ८० कोटी लिटरच्या वर पाणी गळत होतं. म्हणजे त्याचा वर्षाचा नळ ही त्यांची अर्ध्या तासाची गळती! लोकांचा राग चुकीच्या माणसावर निघाला असं माझं स्पष्ट मत आहे.

कळंबेकर_वहिनी:
मला अजिबात पटलं नाही. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या कोल्हापुरात पूर आला तेव्हा सगळीकडं पाणीच पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, शहराला पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्र पुरात गेलेलं, टँकर आला की कळशी, बादली, कुकरचं भांडं सुद्धा घेऊन पळायचं, आणि २०२१ ला परत तेच. त्या रांगेत उभी राहिलेली कुठलीही बाई चांगलं पाणी मोरीत सोडून त्याला कला म्हणणार नाही. दुसऱ्यानं जास्त घालवलं म्हणून मी थोडं घालवते, हे कसलं उत्तर?

पेठेतला_पेंटर:
वहिनी, राग समजतो. पण समजा त्यानं खाली टाकी ठेवून मोटरीनं तेच पाणी परत फिरवलं असतं, तर कोण थांबून बघितलं असतं? कारंजी काय कमी आहेत? पाणी खरंच जातंय म्हणूनच बघणाऱ्याचा हात तोटीकडं जातो, आणि तेवढ्यासाठीच ते काम आहे. आपलं गाव चित्रकारांचं आहे, आबालाल रहिमानांनी इथंच राहून निसर्ग रंगवला, पण चित्र म्हणजे नुसतं बघायला छान असलंच पाहिजे असं काही नाही. काही चित्रांनी त्रास द्यायलाच पाहिजे.

बावडा_एक्सप्रेस:
भावा, त्रास दिला ते खरं, पण झालं काय? लोक नळावर बोलले, कलाकारावर बोलले, पाइपांवर किती बोलले? पुढं २००६ मध्ये त्या कंपनीला जुने पाइप बदलायला जादा १५ कोटी पौंड घालायला लागले, ते नियामक संस्थेनं गळतीचे आकडे पुढं ठेवून धरलं म्हणून. कुणीतरी दरवर्षी लिटर मोजत होतं आणि ठरलेलं टार्गेट चुकलं की जाब विचारत होतं, लई कंटाळवाणं काम आहे पण पाणी त्यानंच वाचतं.

रंकाळा_कट्टा:
आकडे पाहिजेतच की. पण आकडे वाचून कुणाचं डोकं तापतं काय? आपल्याकडंच बघा, काळम्मावाडी धरणाहून ५० किलोमीटरच्या वर थेट पाइपलाइन आणली, किती वर्षं त्यासाठी आंदोलनं झाली, २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं तेव्हा लोकांनी आनंद केला, आणि तेच पाणी गल्लीत आल्यावर टाकी भरून अर्धा अर्धा तास गटारीत जातंय, वरनं पाइप लावून गाड्या धुवायच्या. शेजाऱ्याला बोललं तर म्हणतो बिल मी भरतो!

कळंबेकर_वहिनी:
हे मात्र शंभर टक्के. आणि 'बिल मी भरतो' हे उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं, कारण शेवटच्या टोकाच्या घरांत मग प्रेशरच येत नाही, तिथल्या बाया पहाटे उठून बसतात. म्हणूनच तर म्हणते, नळ सोडणारा शेजारी चुकीचा असेल तर नळ सोडणारा कलाकार बरोबर कसा?

पेठेतला_पेंटर:
शेजारी लपवतो, तो कलाकार दाखवत होता. हा फरक मी सोडणार नाही. पण एक मान्य, पाणी ज्यांच्याकडं येतच नाही त्यांच्यासमोर हे करू नये. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह पाणी सुटलं की रस्त्यावर वाहतो, आधीच वाया चाललंय, त्याच्याभोवती मोठी चौकट रंगवायची, आणि खाली एक बादली ठेवून ती किती मिनिटांत भरते ते रोज रंगानं लिहायचं. नवीन एक थेंब घालवायला नको.

बावडा_एक्सप्रेस:
हे जमतंय. फक्त आधी लेखी तक्रार दे आणि तक्रारीची तारीखही तिथंच लिही. बादलीचा हिशेब मी घेतो.

कळंबेकर_वहिनी:
बादलीतलं पाणी झाडांना घाला, ओतून देऊ नका. आणि लंडनच्या त्या नळाबद्दल माझं मत बदललेलं नाही.